गोषवारा: ऊसबिल प्रणालीतली चक्रं सोडवताना ठेवलेल्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

साखर कारखान्याची ऊसबिल प्रणाली, म्हणजे शेतकऱ्यांच्या उसाची बिलं काढणारा प्रोग्रॅम, आमची छोटी टीम सांभाळते. तिथे नवा सहकारी आज रुजू झाला. कोरा लॅपटॉप. त्यावर जावा १७ आणि मेव्हन (जावाचा कोड बांधून देणारं साधन) टाकलं, कोड उतरवला आणि पहिल्याच बिल्डला, म्हणजे बांधणीला, गाडी अडली. बिलातून येणी कापणाऱ्या ‘कपात’ मॉड्यूलला (मॉड्यूल म्हणजे प्रणालीचा वेगळा बांधला जाणारा भाग) ‘ऊसबिल’ मॉड्यूलची ३.२.१ ही आवृत्ती हवी होती आणि ती कुठेच सापडेना. आपली चालू आवृत्ती ४.६ आहे. मग ३.२.१ मागतंय कोण?

‘कपात’चा पॉम, म्हणजे त्याला काय काय लागतं हे मेव्हनला सांगणारी फाइल, उघडला. बाकी सगळ्या अंतर्गत डिपेंडन्सींना प्रकल्पाचीच आवृत्ती लावलेली आहे, फक्त या एका ओळीत आकडा हाताने लिहिलेला. त्या आवृत्तीची जार (कंपाइल झालेल्या कोडची फाइल) पूर्वी ऑफिसातल्या जुन्या सर्व्हरवर होती. तो सर्व्हर गेल्या वर्षी काढला. आम्हा तिघांच्या लॅपटॉपवर आणि बिल्डच्या मशीनवर ती मेव्हनच्या एमटू फोल्डरात (उतरवलेल्या जार साठवण्याची जागा) पडून राहिली होती, म्हणून आमचं काम आजवर अडलं नाही. माझं एमटू फोल्डर बाजूला हलवून पाहिलं तर माझाही बिल्ड तिथेच थांबला.

हाताने लिहिलेला आकडा काढून प्रकल्पाची आवृत्ती लावली. आता मेव्हनने एकही फाइल कंपाइल न करता सुरुवातीलाच नकार दिला: रिअ‍ॅक्टरमधल्या प्रकल्पांत (एकत्र बांधल्या जाणाऱ्या मॉड्यूलांत) चक्राकार संदर्भ आहे. ‘ऊसबिल’ला ‘कपात’ लागतं आणि ‘कपात’ला ‘ऊसबिल’. जुना आकडा तिथे कशासाठी बसवला होता ते आता कळलं. आवृत्ती वेगळी असली की मेव्हन त्या जारला बाहेरची वस्तू धरतो, बांधणीच्या क्रमात तो दुवा मोजत नाही आणि चक्र दिसेनासं होतं.

मागच्या हंगामातली एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण तिचं मूळ आज सापडलं. पहिल्या पंधरवड्याचं बिल काढताना रात्री साडेदहाला ‘नो सच मेथड एरर’ (बोलावलेली मेथड सापडत नाही ही चूक) आली होती. ‘कपात’ ३.२.१ समोर धरून कंपाइल झालेलं, चालत होतं मात्र ४.५ बरोबर. मधल्या काळात आम्ही एकूण रक्कम देणाऱ्या मेथडचा परतीचा प्रकार डबलवरून (दशांश अंदाजे ठेवणारा) बिगडेसिमल (दशांश अचूक ठेवणारा) केला होता. जावात कंपाइल झालेल्या कोडमध्ये परतीचा प्रकार हा मेथडच्या ओळखीचा भाग असतो. ‘कपात’ जुन्या ओळखीची मेथड शोधायला गेलं, ती मिळाली नाही. त्या रात्री प्रकार परत डबल करून वेळ मारून नेली आणि तो आजही डबलच आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. तिथे एक रात्रसुद्धा मोठी असते.

हंगाम नोव्हेंबरात. त्याआधी ही गाठ सोडवायची, असं आज चौघांनी मिळून ठरवलं.

८ जुलै, मंगळवार

एकूण ११ मॉड्यूल आहेत. फळ्यावर नकाशा काढला, कोण कुणावर अवलंबून त्याचे बाण दाखवून: सामाईक, सभासद, काटा (उसाचं वजन), तोडणी-वाहतूक, ऊसबिल, कपात, लेखा, आणि बाकीची लहानसहान.

नव्या सहकाऱ्याने विचारलं की कॉलेजात एकाच प्रोजेक्टमध्ये दोन क्लास एकमेकांना बोलवायचे आणि काही अडायचं नाही, मग इथे का अडतं? प्रश्न रास्त आहे. दोन्ही फाइली एकत्र हातात दिल्या तर जावाच्या कंपायलरची काहीच हरकत नसते. तो आधी दोघांचा बाहेरचा आकार पाहून घेतो, मग आतला मजकूर तपासतो. अडचण सुरू होते ती दोघांना वेगवेगळ्या जारमध्ये बांधायला घेतल्यावर. ‘कपात’ची जार बांधायला ‘ऊसबिल’ची तयार जार हवी, आणि ती तयार व्हायला ‘कपात’ची. आधी कुणाची बांधायची?

क्रम लावायची रीत साधी आहे. आर्थर कान यांनी ती १९६२ मध्ये मांडली. ज्याला कुणाचीच गरज नाही त्याला आधी उचलायचं, त्याच्यावर टेकलेले बाण पुसायचे, त्यामुळे जे मोकळे झाले ते उचलायचे. सगळे उचलून झाले तर क्रम लागला. काही उरले आणि त्यांत मोकळं कुणीच नसलं तर आत कुठेतरी चक्र आहे. मात्र उरलेले सगळेच चक्रात असतील असं नाही, काही बिचारे चक्राच्या भरवशावर नुसते ताटकळत असतात. नेमके कोण एकमेकांत अडकलेत हे वेगळं काढायला रॉबर्ट टार्जन यांची १९७२ ची पद्धत वापरली. छोटी स्क्रिप्ट आहे, दुपारी लिहून झाली.

तिला खाद्य म्हणून नुसते पॉम देऊन भागणार नव्हतं. पॉममध्ये जे लिहिलंय ते आणि कोड खरोखर जे वापरतो ते यांत फरक असतो. जेडीकेबरोबर (जावाचा साधनसंच) येणारं जेडेप्स चालवून प्रत्येक जारमधला कोणता क्लास दुसऱ्या कुठल्या जारमधल्या क्लासला हात लावतो ती यादी काढली.

१० जुलै, गुरुवार

दोन दिवस शोधून तीन चक्रं सापडली. तिन्ही लपवलेली, आणि प्रत्येक वेगळ्या तऱ्हेने.

पहिलं ऊसबिल आणि कपात यांचं. वर लिहिलंच आहे, जुन्या आवृत्तीच्या आकड्याआड.

दुसरं काटा आणि तोडणी-वाहतूक यांचं. हे जेडेप्सला दिसलंच नाही. ‘काटा’मध्ये एके ठिकाणी क्लासचं नाव अवतरणात लिहून चालू प्रोग्रॅममध्येच तो क्लास मागवलेला आहे. कंपायलरच्या लेखी ती नुसती अक्षरं, त्यामुळे कुणावर कसलाच भार दिसत नाही. मी संपूर्ण कोडमध्ये अशा हाका शोधल्या तेव्हा ते हाती लागलं. तिघांत मला हा प्रकार सर्वांत धोक्याचा वाटतो. क्लासचं नाव बदललं तर बिल्ड पास होणार आणि उसाची गाडी काट्यावर उभी राहिल्यावर प्रोग्रॅम पडणार.

तिसरं चाचण्यांमधलं. ‘नमुने’ नावाच्या मॉड्यूलमध्ये चाचणीसाठी खोटे सभासद, खोट्या खेपा तयार करणारे क्लास आहेत. त्याला ‘सभासद’ लागतं. ‘सभासद’च्या स्वतःच्या चाचण्यांना ‘नमुने’ हवं होतं, ते जोडता येईना, म्हणून कुणीतरी चार क्लास जसेच्या तसे उतरवून ‘सभासद’मध्ये ठेवले. आता दोन्ही प्रती वेगवेगळ्या दिशेने वाढल्या आहेत. एकीत सभासदाला वारस नोंद आहे, दुसरीत नाही.

ज्यांनी हे केलं त्यांना मी दोष देत नाही. प्रत्येकापुढे त्या दिवशीचं काम होतं, बिल उद्या हवं होतं.

१५ जुलै, मंगळवार

पहिल्या चक्राला हात घातला. दुसऱ्या आणि तिसऱ्याचा उपाय साधारण डोळ्यांसमोर आहे, हे मात्र कोड्यात टाकणारं आहे.

नवीन सहकाऱ्याचं पहिलं मत: दोन्ही मॉड्यूल एकत्र करून टाकू. वाईट मत नाही. जे दोघे कधीच एकमेकांवाचून वापरले जात नाहीत त्यांना वेगळं ठेवण्यात अर्थ नसतो. ‘लेखा’ आणि ‘लेखा-छपाई’ आज तेवढ्याच कारणासाठी एक केले, अर्ध्या तासाचं काम. पण कपातीचा भाग एकटा वापरला जातो. विकास सोसायटीची, बँकेची, पाणीपुरवठा संस्थेची येणी आली की ती हंगामाआधीच भरून घेतात, तेव्हा बिलाचा पत्ताही नसतो.

मग पुस्तकी उपाय केला, अवलंबनाची दिशा उलटवायचा. ‘ऊसबिल’मध्ये ‘कपातदाता’ नावाचा इंटरफेस (काय मिळायला हवं एवढंच सांगणारा करार) ठेवला, ‘कपात’ने तो पुरा केला. आता ‘ऊसबिल’ला ‘कपात’ माहीत असायची गरज नाही, बाण एकाच बाजूला. मेव्हन खूष, सगळी मॉड्यूल (११ होती, ‘लेखा’ची दोन एक झाल्याने आता १०) ओळीने बांधून निघाली.

संध्याकाळी कमिट केलं, तरी मन राजी नव्हतं.

१६ जुलै, बुधवार

कालची शंका खरी निघाली. प्रोग्रॅमचे भाग चालू करून एकमेकांना जोडून देणाऱ्या स्प्रिंग बूटच्या सेटिंगांत चक्राकार संदर्भांना परवानगी देणारी ओळ आधीपासून चालू आहे. स्प्रिंग बूटने २.६ पासून, म्हणजे २०२१ च्या नोव्हेंबरपासून, असे संदर्भ मुळातच बंद केले. तेव्हा आवृत्ती चढवताना आम्हीच ती ओळ घातली असणार. ओळ काढून अ‍ॅप्लिकेशन चालू केलं. कन्सोलवर चौकट काढून त्याने दाखवून दिलं: ऊसबिल सेवा कपातदात्याला धरून आहे, आणि कपातदात्याच्या आत बसलेली कपात सेवा पुन्हा ऊसबिल सेवेला.

म्हणजे बांधणीतून गाठ काढली ती चालण्यात जाऊन बसली. दोघांपैकी एकाला उशिरा जागं करण्याची खूण लावली तर ही चौकटही जाईल. तसं करायचं नाही असं ठरवलं. यंत्र दोनदा एकच गोष्ट सांगतंय, तर ऐकून घ्यायला हवं.

दिवसभर दोन्हीकडचा कोड ओळ न् ओळ वाचला. ऊसबिल निव्वळ रक्कम काढायला कपातीकडे जातं. कपात किती कापता येईल हे बघायला बिलाकडे जाते. आणि काट्याकडून वजनाची दुरुस्ती आली की कपात स्वतःहून बिलाला पुन्हा हिशेब करायला लावते. हा शेवटचा बाण कुणी आणि का काढला, आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. कोडकडे पाहून याचं उत्तर मिळणार नाही. कारखान्यात जाऊन बघायला पाहिजे.

२२ जुलै, मंगळवार

सकाळच्या एसटीने कारखान्यावर गेलो. पाऊस धरून होता. मिलची दुरुस्ती चालू, केनयार्ड रिकामं, काट्याच्या प्लॅटफॉर्मवर पाणी साचलेलं. ऊसबिल विभागात मात्र वर्दळ होती.

तिथले हेडक्लार्क संगणक यायच्या आधीपासून बिलं काढत आलेत. मी म्हटलं, “काका, कॉम्प्युटर नव्हता तेव्हा पंधरवड्याचं बिल कसं निघायचं, ते मला हातानं करून दाखवा.” त्यांनी कपाटातून एक जुनं रजिस्टर काढलं, उभ्या रेघांचं, कडा मऊ पडलेल्या. टेबलावर ठेवून पुसलं आणि माझ्याकडे वळवलं.

डाव्या पानावर सभासद क्रमांक, नाव, गाव, खेपा, वजन, दर, आणि शेवटी एकूण रक्कम. तिथे पान संपतं. उजव्या पानावर कपातींचे रकाने नाहीतच. मी विचारलं, कपात कुठाय?

“ती दुसऱ्या टेबलाला. इथनं फक्त गोषवारा जायचा.”

गोषवारा म्हणजे वेगळा कागद. त्यावर चारच रकाने: सभासद क्रमांक, हंगाम, पंधरवडा, एकूण रक्कम. कपातीच्या टेबलावर तो कागद गेला की ते आपलं रजिस्टर उघडायचे, ठरलेल्या क्रमाने येणी लावायचे, रक्कम पुरली नाही तर उरलेलं ‘मागील बाकी’ म्हणून पुढच्या पंधरवड्यात न्यायचे. त्यांचा कागद आणि गोषवारा हे दोन्ही मग तिसऱ्या टेबलावर, वाटपाला. निव्वळ रक्कम तिथे निघायची आणि बँकेची यादीही तिथेच.

“कपातवाला बिल बघायला येत नव्हता का?”

“कशाला येईल? त्याला रक्कम कळली की झालं. गाडी कुठली, वजन किती, त्याला काय करायचंय? आणि बिलवाल्यानंबी कुणाचं किती कर्ज हाय त्यात नाक खुपसायचं न्हाई.”

वजनाची दुरुस्ती उशिरा आली तर काय, हेही विचारलं. निघालेल्या बिलाला ते हात लावत नसत. पुढच्या पंधरवड्यात फरक बिल काढायचे, तेही डाव्या पानावर, इतर बिलांसारखंच. मागे जाणारा कागद त्या खोलीत एकही नव्हता.

माझ्यासमोर तीन टेबलं होती आणि कागद एकाच दिशेने सरकत होता. आमच्या कोडमध्ये तिसरं टेबलच नाही. निव्वळ रक्कम कुणी काढायची हे आम्ही कधी ठरवलं नाही, म्हणून ते काम ऊसबिल आणि कपात दोघेही अर्धं अर्धं करतात आणि एकमेकांना विचारत बसतात.

परतीच्या एसटीत वहीत लिहिलं: मागील बाकीमुळे माहिती फिरून येते खरी, पण पुढच्या पंधरवड्यात येते. काळ पुढे गेलेला असतो, त्यामुळे ते चक्र होत नाही.

२४ जुलै, गुरुवार

रचना ठरली. ‘गोषवारा’ नावाचं नवं मॉड्यूल, त्यात एक रेकॉर्ड, चार रकाने. त्याला कुणाचीच गरज नाही. ‘ऊसबिल’ गोषवारा तयार करतं. ‘कपात’ गोषवारा घेते आणि कपात यादी परत देते. ‘वाटप’ हे दुसरं नवं मॉड्यूल दोघांच्या वर बसतं आणि निव्वळ काढतं. ‘लेखा’ यापुढे वाटपाकडे बघेल. ‘कपातदाता’ इंटरफेस पुसून टाकला. इथे इंटरफेसची गरजच नाही, साधी माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

नावाबद्दल दोन शब्द. आधी आमच्यात ‘बिल-कोअर’, ‘बिल-कॉमन’ अशी नावं फिरत होती. अशा नावाच्या मॉड्यूलमध्ये काय घालायचं नाही हे कुणालाच सांगता येत नाही, आणि वर्षभरात त्याची अडगळीची खोली होते. आपल्या ‘सामाईक’ची झालीच आहे. तिथे एक ओळ बदलली की सगळी मॉड्यूल पुन्हा बांधावी लागतात. ‘गोषवारा’ म्हटलं की कारखान्यातल्या कुणालाही कळतं त्यात काय असतं. आजच एकाने सुचवलं की गावाचं नावही त्यात टाकू, अहवालाला बरं पडेल. नाही टाकलं. कपातीच्या टेबलाला ते लागत नव्हतं.

मागे जाणारा बाण, म्हणजे दुरुस्ती आल्यावर बिलाला पुन्हा हिशेब करायला लावणारा कोड, काढला. त्याजागी फरक बिल. ११३ ओळी गेल्या, ४० आल्या.

३० जुलै, बुधवार

गेल्या हंगामाच्या पहिल्या पंधरवड्याची ३,११८ बिलं जुन्या आणि नव्या दोन्ही मार्गांनी काढली. ४१ बिलांत एक रुपयाचा फरक.

एक बिल हाताने सोडवलं. एकूण रक्कम ८४,३१२.४०. सोसायटीची कपात ५०,०००. पाणीपुरवठा संस्थेची अडीच टक्के, म्हणजे २,१०७.८१. निव्वळ ३२,२०४.५९, पूर्ण रुपयात ३२,२०५. नवा कोड हेच सांगतो. जुना ३२,२०४ सांगत होता. कारण त्यात ऊसबिल आपली रक्कम आधी पूर्ण रुपयात आणायचं, ८४,३१२, आणि कपातही आपली, २,१०८. मग वजाबाकी. शेवटी कोण आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून दोघांनीही आपल्यापुरता शेवट केला.

हेडक्लार्कना फोन केला. ते म्हणाले, पैसे रुपयात पूर्ण करायचे ते एकदाच, निव्वळला. म्हणजे नवा कोड बरोबर आहे आणि जुन्यात कुणाला एक रुपया कमी गेला, कुणाला जास्त. रक्कम किरकोळ, पण शेतकऱ्याच्या बिलात आपल्यामुळे रुपयाचीही चूक असू नये. बाकीचे पंधरवडे तपासून पूर्ण यादी कारखान्याला लेखी कळवायचं ठरलं, निर्णय त्यांचा. याच निमित्ताने डबल सगळीकडून काढून बिगडेसिमल लावलं. या वेळी सर्व मॉड्यूल एकाच आवृत्तीसमोर कंपाइल होत असल्याने जिथे बदल राहिला होता तिथे कंपायलरनेच बोट ठेवलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

चाचण्यांचं चक्र. डिपेंडन्सी फक्त चाचणीपुरती असली तरी मेव्हन बांधणीचा क्रम लावताना ती धरतोच. कारण त्याच्या दृष्टीने एक मॉड्यूल म्हणजे एक अखंड वस्तू, मुख्य कोड आणि चाचण्या एकत्र. ग्रेडल या बांधणीच्या दुसऱ्या साधनात हे अडत नाही. तिथे क्रम कामांचा लागतो, मॉड्यूलचा लागत नाही: आधी ‘सभासद’चा मुख्य कोड, मग ‘नमुने’, मग ‘सभासद’च्या चाचण्या. एवढ्यासाठी ग्रेडलवर जाण्यात अर्थ नाही.

उपाय असा केला की सभासदाचे नमुने ‘सभासद’च्याच चाचणी फोल्डरात आणले आणि तिथून टेस्ट-जार म्हणून वेगळी जार काढली. बाकीचे आपल्या चाचण्यांपुरती ती जार घेतात. दोन्ही प्रती एक केल्या, वारस नोंदीसकट. वारस नोंद आल्याबरोबर ‘सभासद’च्या दोन चाचण्या फुटल्या आणि दोन्ही ठिकाणी खरी चूक निघाली.

दोन खाचा लागल्या, पुढच्यासाठी लिहून ठेवतो. टेस्ट-जारला स्वतःला ज्या चाचणीच्या लायब्ररी लागतात त्या घेणाऱ्याकडे आपोआप येत नाहीत, त्या त्याने आपल्या पॉममध्ये लिहायच्या. आणि चाचण्या वगळायचे मेव्हनचे दोन पर्याय सारखे नाहीत. एक चाचण्या कंपाइल करतो पण चालवत नाही, दुसरा कंपाइलही करत नाही. बिल्डच्या मशीनवरच्या स्क्रिप्टमध्ये दुसरा होता. टेस्ट-जार तयारच झाली नाही आणि सकाळी बिल्ड लाल. पहिला पर्याय लावला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काटा आणि तोडणी-वाहतूक. अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. ‘तोडणी-वाहतूक’ दोन कामं करत होतं: गाडीची आणि कंत्राटदाराची नोंद ठेवणं, आणि पंधरवड्याला तोडणी-वाहतुकीचं बिल काढणं. काट्याला पहिलं लागतं, दुसऱ्याला काट्याचं वजन लागतं. नोंदीचा भाग ‘गाडी-नोंद’ म्हणून खाली काढला. त्यावर काटा, त्यावर तोडणी-वाहतूक. अवतरणातलं क्लासचं नाव गेलं, सरळ इम्पोर्ट आला. नव्या सहकाऱ्याने हे एकट्याने केलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणेश चतुर्थी, दुपारनंतर ऑफिस रिकामं होणार. त्याआधी पहारे बसवून टाकले.

मेव्हनच्या एन्फोर्सर प्लगइनमधला एक नियम लावला: रिअ‍ॅक्टरमधल्या मॉड्यूलला दुसऱ्याच आवृत्तीने मागितलं तर बिल्ड तिथेच पडेल. ३.२.१ सारखी ओळ पुन्हा घालता येणार नाही. आर्कयुनिटची (कोडची रचना तपासणारी लायब्ररी) चाचणी लिहिली, मॉड्यूलच्या आत पॅकेजांमध्येही (क्लासच्या गटांमध्ये) चक्र नको अशी. लगेच सात चक्रं निघाली. ती गोठवून ठेवली आहेत: आजची सात तिला माहीत आहेत, आठवं आलं तर चाचणी फुटेल, सातांतलं एखादं सुटलं तर यादीतून आपोआप कमी होईल. सगळं शुद्ध झाल्यावर नियम लावू म्हणत बसलो असतो तर नियम कधीच लागला नसता.

आणि दर शनिवारी रात्री बिल्डचं मशीन कोऱ्या फोल्डराला एमटू मानून सुरुवातीपासून सगळं बांधेल. ७ जुलैला नव्या लॅपटॉपने जे दाखवलं ते यापुढे दर आठवड्याला दिसेल.

१५ सप्टेंबर, सोमवार

गणपतीनंतर कामाला वेग आला. पॅकेजांमधल्या सात चक्रांपैकी पाच सुटली. स्प्रिंगच्या सेटिंगमधली ती परवानगीची ओळ कायमची काढली. अ‍ॅप्लिकेशन चौकट न दाखवता उभं राहिलं.

आता झाडाच्या फांद्या वेगळ्या झाल्यामुळे मेव्हनला एका वेळी अनेक मॉड्यूल बांधायला सांगता येतात. ऊसबिल आणि कपात शेजारी शेजारी बांधली जातात, कुणी कुणासाठी थांबत नाही. बिल्ड नऊ मिनिटांवरून सहाच्या आत आला. वेळेपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचं समाधान जास्त आहे: कपातीचा क्रम बदलायचा झाला तर ‘ऊसबिल’ला आता हातही लावावा लागत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

कारखान्यावर रंगीत तालीम. नव्या हंगामाची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये जाहीर झाली आहे. कारखान्याने आपल्या उताऱ्याप्रमाणे दर भरून दिला. खोट्या खेपा, खरे सभासद क्रमांक, एक पूर्ण पंधरवडा. हेडक्लार्कनी छापून आलेल्या बिलांतली दहा त्यांच्या मनाने निवडली आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले. आम्ही बाहेर चहा घेत थांबलो. पाऊण तासाने बोलावलं.

दहाही जुळली. मग त्यांनी वाटपाच्या यादीवर बोट ठेवलं. एका सभासदाची मागील बाकी दोन ओळींत आली होती, सोसायटीची वेगळी आणि बँकेची वेगळी. “हे बरोबर हाय, पर बेरीज खाली द्या. सभासद विचारतो तेव्हा आकडा एक सांगावा लागतो.” तिथेच बसून बदल केला. बदल फक्त ‘वाटप’मध्ये, एका फाइलीत.

बाकी: गोठवलेल्यांपैकी दोन चक्रं अजून आहेत, दोन्ही ‘अहवाल’ मॉड्यूलच्या आत. ती बिलाच्या वाटेत येत नाहीत. गाळप सुरू झाल्यावर त्या भागाला हात लावायचा नाही, एप्रिलमध्ये घ्यायची. जुन्या हंगामातल्या रुपयाच्या फरकाची यादी कारखान्याला दिली आहे, उत्तर यायचं आहे.